तिसरी लाथ

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले, डोकं मागाहून. सुईणीची पाचावर धारण बसली होती असं आई सांगायची, पण सांगताना तिच्या आवाजात कौतुकच जास्त असायचं. पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात, म्हणून आभाळ गडगडायला लागलं की मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नसत. आणि पायाळू माणसाने कंबरेत तीनदा लाथ मारली की भरलेली उसण जाते, असंही म्हणतात. विजेचं खरंखोटं मला माहीत नाही, अजून तरी पडलेली नाही. लाथेचं मात्र सांगायचं आहे, कारण ती मी मारलेली आहे.

आम्ही जोगेश्वरीला एका बैठ्या चाळीत राहायचो. वडील मिलमध्ये, आई घरी, आणि माझ्याहून सात वर्षांनी मोठा दादा अंधेरीच्या एका कारखान्यात लेथवर. मी तेव्हा नववीत होते. माझ्या अभ्यासाला चाळीत कुणी विचारत नव्हतं, पायाला मात्र मोठा मान होता. कुणाची कंबर धरली की तो माणूस आमच्याकडे यायचा आणि चटईवर पालथा पडायचा. आई माझ्या डाव्या तळव्याला खोबरेल लावायची. मी भिंतीचा आधार घेऊन त्याच्या कंबरेवर तीनदा पाय टाकायचे. लाथ म्हणायची, पण खरं तर नुसतं टेकवून दाबायचं. मग माणूस वयाने मोठा असला तर मी लगेच वाकून त्याच्या पाया पडायचे, कारण मोठ्यांना पाय लावणं पाप. वर्सोव्याहून मासे घेऊन येणारी एक कोळीण मावशी तर महिन्या-दोन महिन्यांनी टोपली ओट्यावर ठेवून सरळ आडवीच व्हायची. जाताना मूठभर मांदेली जास्त घालायची. गुण आला नाही असं कधी कुणी म्हटलं नाही. उसण तीन दिवसांत आपली आपणही जाते, हे मला फार उशिरा कळलं.

हा मान माझ्या डोक्यात गेला होता हे कबूल करते. चौदा वर्षांच्या मुलीपुढे मोठमोठी माणसं पालथी पडतात, तिने काय म्हणून नम्र राहावं?

त्या आठवड्यात माझं आणि दादाचं वाजलं होतं. वर्गातल्या मुली वर्सोव्याहून होडीने पलीकडे मढला सहलीला निघाल्या होत्या. वडील हो म्हणायच्या बेतात होते, तेवढ्यात दादा मध्ये बोलला, "काही नको होडीबिडीत बसायला. पोहता येतं का हिला?" झालं, संपली सहल. मी दोन दिवस तोंड फुगवून बसले, त्यापायी आईच्या हातचे धपाटे खाल्ले, आणि रविवारी सगळ्या मैत्रिणी मढला गेलेल्या असताना मी घरी तांदूळ निवडत होते. दादाशी मी बोलत नव्हते.

त्याच रविवारची संध्याकाळ. चाळीत टीव्ही एकच, शेवटच्या खोलीतल्या काकूंकडे, आणि सिनेमाच्या वेळी सगळी चाळ त्यांच्याकडे. वाऱ्याने अँटेना फिरली होती. दादा पत्र्यावर चढला. वरून तो ओरडायचा, "आलं का?" आतून उत्तर जायचं, "माणसं आली, तोंडं नाही आली!" सगळे हसत होते. मी राग विसरून हसू नये म्हणून दाराशी पाठ करून उभी होते, त्यामुळे तो घसरताना मला दिसला नाही. फक्त पत्र्याचा कर्रकन आवाज आला आणि मागोमाग नळाच्या कट्ट्यावर काहीतरी धप्पकन आदळलं. नेमकं तेव्हाच चित्र स्वच्छ आलं असावं, कारण आतून कुणीतरी ओरडलं, "बस, बस! आता हलवू नकोस!"

तो कट्ट्याच्या कडेवर पाठीवर पडला होता. पण तो उठून बसला. हे मी आजवर स्वतःला हजारदा सांगितलं आहे. तो उठून बसला, ओशाळं हसला, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून आमच्या खोलीपर्यंत आला. स्वतःच्या पायांनी आला.

"खंय लागला रे?" आईने तिच्या मालवणीत विचारलं.

"काही नाही गं. कंबर धरलीय नुसती."

आईचा जीव भांड्यात पडला. कंबर धरली म्हणजे काय, औषध घरातच होतं. ती माझ्याकडे वळली. "तेल आण गो."

हॉस्पिटलचं नाव कुणाच्या मनातही आलं नाही. दुसरं कुठलं घर असतं तर आलं असतं. आमच्या घरात मी होते.

दादा चटईवर पालथा झाला. तोंड भिंतीकडे करून म्हणाला, "घे. एरवी टपलेलीच असतेस ना? फुकटात चान्स मिळतोय." पहिली लाथ नेहमीसारखी, हलकी. दुसरीही तशीच. तिसरी मढची होती. त्या लाथेत मी होडी घातली, मैत्रिणी घातल्या, खाल्लेले धपाटे घातले. टाचेवर सगळा भार दिला. आणि टाचेखाली काहीतरी हललं. फार नाही. सैल झालेली फरशी पायाखाली जरा दबते ना, तेवढंच. दादाने हूं की चूं केलं नाही. मी वाकून त्याच्या पाया पडले, पाय धुतले, आणि कुणाला काहीही बोलले नाही.

त्यानंतर आईने कंबर शेकली. रात्री तो म्हणाला, पायांना मुंग्या आल्यात. वडील म्हणाले, एका अंगावर पडून राहिलास म्हणून. पहाटे त्याला लघवी होईना. उजाडल्यावर आईने चहाचा कप पुढे केला तर त्याने तो घेतला, पण कूस वळताना कंबरेखालचं त्याचं अंग त्याच्याबरोबर वळलंच नाही. तेव्हा कुठे धावाधाव झाली. त्याला उचलून रिक्षात बसवलं. हो, बसवलं. दोन्ही बाजूंनी धरून, पाठीत वाकवून. सगळ्यांनी मदत केली. मदतीला चाळ कधी मागे हटत नाही.

मोठ्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. मणका मोडला होता, मज्जारज्जूला मार बसला होता. "कधी पडला?" त्यांनी विचारलं. वडील म्हणाले, "काल संध्याकाळी." डॉक्टर चिडले. "मग रात्रभर काय करत होतात?"

"झोपवला होता," आई म्हणाली.

लाथेचं नाव कुणी काढलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. कुणी मला बोल लावला असता तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. पण आमच्या घराने तो विषयच गिळून टाकला. कोळीण मावशी पुढच्या महिन्यात आली आणि ओट्यावर आडवी व्हायला लागली, तेव्हा आईच घाईघाईने म्हणाली, "तिच्या पायातलो गुण गेलो आता." मावशी हळहळली. मी आत जाऊन डावा पाय उजव्या पायाने इतका घासला की कातडं निघालं.

दादा परत चालला नाही. चटई गेली, लोखंडी पलंग आला. दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची, टाचा आणि माकडहाड तपासायचं, पोट दाबून लघवी काढायची. आईने सगळं शिकून घेतलं आणि तिच्या हाताखाली मी. दादा थट्टा करायचा. "साहेबांची कूस बदलायची वेळ झाली," असं ऐटीत म्हणायचा. मी त्याच्या पाठीला पावडर लावायचे तेव्हा ती जागा टाळून लावायचे. आणि झोपताना माझी टाच गादीला टेकली की खाली ते हलायचं. अजून हलतं. म्हणून मी कुशीवर झोपते.

पुढे मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि एका मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले. काय काम आहे हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर कदाचित उंबऱ्यावरूनच परतले असते. आमच्या मॅडम मज्जारज्जूच्या दुखापतीवर काम करत होत्या. उंदरांना गुंगी देऊन त्यांचा मणका उघडायचा, एका नळीतून ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून त्या रज्जूवर सोडायचं, आणि मग काही उंदरांना ई जीवनसत्त्व देऊन, काहींना न देऊन फरक बघायचा. वजन मॅडम स्वतः सोडायच्या. मला त्यांनी एकदा विचारलं, मी नाही म्हटलं, त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या उंदरांची मागची पावलं लुळी पडायची. त्यांनाही लघवी होत नसे. सकाळ-संध्याकाळ अंगठ्याने हलकेच पोट दाबून काढावी लागे. मॅडमनी दाखवायला सुरुवात केली तोवर मी एका उंदराची काढलीही होती. "कुठे शिकलीस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "घरी." मग त्यांना दादाबद्दल सांगावं लागलं. पत्र्यावरून पडला, एवढंच सांगितलं.

त्यानंतर मॅडम मला नुसतं काम न सांगता त्यामागचं कारणही सांगायला लागल्या. त्या म्हणाल्या, "पाणी वगळलं तर मज्जारज्जू म्हणजे निम्म्याहून अधिक स्निग्ध पदार्थ. तुमच्याकडे खोबरं खवट होतं ना?" मी मनात म्हटलं, कोकणातल्या माणसाला हे विचारता? "तसंच होतं. मार लागला की आत रक्त सांडतं. रक्तातलं लोह आणि प्राणवायू मिळून तिथल्या पेशींची स्निग्ध आवरणं खवट करायला लागतात. एक खवट झालं की शेजारचं, मग त्याच्या शेजारचं. जे माराने मेलं नव्हतं ते या खवटपणाने मरतं. आणि हे एका क्षणात होत नाही. तासन्‌तास चालतं." ई जीवनसत्त्व मध्ये उभं राहतं, स्वतः खर्ची पडतं आणि पुढचं वाचवतं, असा त्यांच्या कामाचा गाभा होता.

माझं काम त्या खवटपणाचं मोजमाप. रज्जूचा तुकडा वाटून, त्यात रसायन घालून उकळत्या पाण्यात ठेवायचा. जितका खवटपणा जास्त, तितका नळीतला रंग गुलाबी. दुखापत न झालेल्या उंदराची नळी जवळपास पाण्यासारखी. मार लागून एक तास झालेल्याची फिकट, चार तासांची गडद. स्टँडवर त्या नळ्या ओळीने ठेवल्या की मला दादा पडला त्या संध्याकाळपासून उजाडेपर्यंतची आमची खोली दिसायची. ही आईने कंबर शेकली तेव्हाची. ही मुंग्या आल्या तेव्हाची. ही पहाटेची. बाकीच्या मुलींना तो गुलाबी रंग गोड वाटायचा. एकीने तर त्या रंगाची साडी घेतली. ती नेसून आली की मी तिच्याशी उगाच खेकसून बोलायचे.

एकदा धीर करून मी मॅडमना विचारलं, "समजा माणूस पडला, पण त्याचे पाय हलतायत. आणि मग कुणी त्याची पाठ दाबली, तर?"

मॅडमनी हातातलं काम ठेवलं. "हाड मोडलेलं असेल तर दाबायचंच नसतं. हलवायचंही नसतं."

"दाबल्याने पाय जातील?"

"जाऊ शकतात. न दाबताही जाऊ शकतात, आतल्या आत सूज येऊन. कशाने किती गेलं हे नंतर कुणालाही सांगता येत नाही." मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मलाही नाही."

खोटा दिलासा दिला नाही म्हणून मी तेव्हा त्यांच्यावर रागावले होते. आज वाटतं, एवढ्या वर्षांत माझ्याशी सरळ बोललेलं ते पहिलं माणूस.

मी पुढे विचारलं, "आणि हे जीवनसत्त्व आता देऊन?"

"जुन्या दुखापतीत वाचवायला काही उरलेलं नसतं गं. आमच्या उंदरांतसुद्धा मार लागायच्या आधीपासून दिलं तरच थोडाफार गुण दिसतोय."

आधीपासून! पडायच्या आधी कोण घेतं? हे सगळं मला नीट समजलं होतं. शिकलेली होते, नळ्या माझ्याच हातच्या होत्या. तरी त्याच संध्याकाळी मी औषधाच्या दुकानातून ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन घरी गेले. दादाला म्हटलं, "आमच्या कॉलेजात नवीन निघालंय. रोज एक घ्यायची." मला लाज वाटत होती आणि आशाही वाटत होती. दोन्ही एकदम वाटू शकतात.

तो रोज घेत होता. दोन-तीन आठवड्यांनी म्हणाला, "ए, आज डाव्या अंगठ्यात काहीतरी झिणझिणलं बघ." आठवड्याने म्हणाला, तळपाय गरम वाटतो. मग पोटरी. मी हवेत चालत होते. मॅडमना सांगायचं ठरवलं, मॅडम चुकल्या असं दाखवायचंही ठरवलं. आईने तर देवाला नारळ बोलून ठेवला.

आणि एका रविवारी दुपारी, आई पाण्याला गेलेली असताना, मी त्याला म्हटलं डोळे मीट. टाचणी घेतली. अंगठ्याला टोचून विचारलं, "कळलं?" तो म्हणाला, "हो." मग टाचणी हवेत धरली, कुठेच न टोचता विचारलं, "आता?" तो म्हणाला, "हो, हो. पोटरीला ना?"

मी टाचणी खाली ठेवून पलंगाच्या कडेला बसले. त्याने डोळे उघडले, माझं तोंड बघितलं आणि त्याला समजलं. "तू एवढ्या हौसेने आणत होतीस," तो म्हणाला, "म्हटलं, तुला बरं वाटेल."

तेव्हा माझ्याच्याने राहवेना. इतक्या वर्षांचं एका दमात बाहेर आलं. "तिसरी लाथ मी जोरात मारली होती, दादा. मुद्दाम. मढला जाऊ दिलं नाहीस म्हणून. आत काहीतरी हललं होतं, मला कळलं होतं, आणि मी बोलले नाही."

बाहेर कुणीतरी बादली भरत होतं, ती भरून वाहायला लागली तरी नळ बंद होईना.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"अगं, कंबर माझी होती ना? जीव गेला होता माझा तिसऱ्या लाथेला. चटईची कड चावून धरली होती मी."

मी ताडकन उठले. आणि केलं काय, तर त्याच्यावरच ओरडले. "मग बोंबललास का नाहीस? बोंबलला असतास तर तेव्हाच नेलं असतं तुला! रात्रभर दुखत असताना मुंग्या मुंग्या काय करत बसलास?"

"आई तिथेच उभी होती. ओरडलो असतो तर तिने तुला फोडून काढलं असतं. त्या आठवड्यात आधीच खाल्ले होतेस माझ्यामुळे. म्हटलं, जाऊ दे, पोर आहे. सकाळपर्यंत दुखायचं थांबेल."

मग त्याने नेहमीसारखी कूस बदलून मागितली, आणि मी बदलून दिली. रज्जू कशाने किती गेला हे कुणाला सांगता येत नाही, मॅडम म्हणाल्या होत्या. पण ते तास कशाने गेले हे आता मला माहीत झालं आहे. मला चार धपाटे बसू नयेत म्हणून माझा भाऊ रात्रभर गप्प पडून राहिला होता.